अंगकोरला पहिल्यांदा जाऊन राहिले का? एका दिवसाचा बेत, गावाकडच्या माणसांसाठी

मागच्या जानेवारीत बाबांना घेऊन कंबोडियात अंगकोर पाहून आलो, तेव्हापासून गावात, सोयऱ्यांमध्ये, बाबांच्या भजनी मंडळात सगळीकडं एकच प्रश्न, आपल्यासारख्यांना जमते का हे? जमते. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातलं, घरी धानाची शेती, बाबांनी त्याआधी विमान फक्त आभाळात पाहिलेलं. तरी सगळं नीट झालं. म्हणून कोणी विचारलं की प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, पहिल्यांदा जाणाऱ्याला कामी येईल.

सगळ्यात आधी एक सांगतो, बाकी सारं त्याच्या खालचं आहे. अंगकोरला एका दिवसात पाच-सहा देवळं उरकू नका. एजंटचा कागद येतो त्याच्यात दहा नावं असतात, लोक सकाळपासून टुकटुकमधून (तिकडची ऑटोरिक्षा) उतरतात, फोटो काढतात, पुन्हा चढतात आणि संध्याकाळी कोणतं देऊळ कोणतं तेही आठवत नाही. माझं म्हणणं असं की एक देऊळ पोटभर पाहा, दोन थोडी थोडी पाहा आणि शेवटी एका तलावावर जाऊन बसा. आपल्या माणसांना तर हे जास्तच लागू पडते, कारण तिथल्या भिंतीवर जे कोरलंय ते आपण लहानपणापासून पोथीत, कीर्तनात, दंडारीत (आपल्याकडचं लोकनाट्य) ऐकत आलोय. त्याला फक्त वेळ द्यावा लागते.

थोडी माहिती, म्हणजे आपण कुठं चाललो ते कळते. अंगकोर हा शब्द आपल्या 'नगर' या संस्कृत शब्दाचंच तिकडचं रूप आहे आणि वाट म्हणजे देऊळ किंवा विहार. नवव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत ख्मेर (कंबोडियाचे मूळ लोक) राजांची राजधानी याच भागात होती. अंगकोर वाट हे मोठं देऊळ बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन यानं विष्णूसाठी बांधलं, नंतर ते बौद्धांचं झालं आणि आजही तिथं भिक्खू येतात, लोक उदबत्ती लावतात. म्हणजे हे चालतं देवस्थान आहे, तसंच वागायचं. १९९२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत ते आलं. जवळचं शहर सिएम रीप, तिथून देऊळ सहा-सात किलोमीटर.

आधी कागदपत्रं

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, आपल्याकडचं ऑफिस नागपूरला आहे. आधार, टीसी, बँक पासबुक सगळीकडं नाव एकसारखं आहे का ते आधी बघा, आपल्या जुन्या माणसांच्या नावात हमखास घोळ असतो, कुठं वडिलांचं नाव मधात तर कुठं आडनाव आधी. बाबांचं टीसीवर एक आणि आधारवर दुसरं होतं, ते दुरुस्त करण्यातच दोन महिने गेले. पासपोर्ट आधीच असेल तर प्रवासाच्या तारखेपासून पुढं किमान सहा महिने तो चालू पाहिजे.

व्हिसा ऑनलाइन मिळते, त्याला ई-व्हिसा म्हणतात. फी तीस-पस्तीस डॉलरच्या आसपास, एकदा आत जाता येते आणि ३० दिवस राहता येते. एकच काळजी घ्या, कंबोडिया सरकारच्या वेबसाइटवरूनच भरा, सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट भरपूर आहेत आणि त्या दुप्पट पैसे घेतात. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाका. याशिवाय निघायच्या आधीच्या सात दिवसांत ई-अरायव्हल नावाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागते, तो फुकट आहे. व्हिसाच्या दोन प्रिंट काढून ठेवा, मोबाईलच्या भरवशावर राहू नका.

विमानाचं म्हणाल तर नागपूरहून मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता आणि तिथून बँकॉक, सिंगापूर, क्वालालंपूर असं कुठूनतरी बदलून सिएम रीप. परदेशातला सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा, म्हणजे सामान शेवटपर्यंत जाते आणि एक विमान उशिरा झालं तर पुढची जबाबदारी कंपनीची असते. थायलंडमधून बसनं जायचा विचार करू नका. २०२५ मध्ये त्या दोन देशांच्या सीमेवर लढाई झाली, जमिनीवरची नाकी बंद झाली. तिकीट काढायच्या आधी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना एकदा वाचून घ्या. सिएम रीपचं नवं विमानतळ २०२३ मध्ये सुरू झालं, ते शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब आहे, म्हणून हॉटेलवाल्याला आधीच गाडी पाठवायला सांगा, रात्री उतरत असाल तर नक्कीच.

कधी जायचं हे आपल्या धानावरच ठरते. तिकडं नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडं आणि त्यातल्या त्यात थंड असते, एप्रिलमध्ये भयंकर तापते, मे ते ऑक्टोबर पाऊस. आपलं भारी, म्हणजे जास्त दिवसांचं धान डिसेंबरात निघते, चुरणा (मळणी) होते, धान विकून हातात पैसा येते, मग जानेवारी मोकळाच. उन्हाळी धान लावणाऱ्यांनी रोवणीच्या आधी जाऊन यावं.

पैसे

तिकडं दोन चलनं चालतात, अमेरिकन डॉलर आणि त्यांचं रिएल. एका डॉलरला साधारण चार हजार रिएल. मोठी रक्कम डॉलरमध्ये देतात, सुट्टे रिएलमध्ये परत येतात. आपल्या तालुक्याच्या बँकेत डॉलर मिळत नाहीत, नागपूरला परवानाधारक दुकानातून घ्यावे लागतात, पासपोर्ट, पॅन आणि तिकीट घेऊन जा. नोटा घेताना एक एक उलटून पाहा. जरा फाटलेली, पेनानं लिहिलेली, चुरगळलेली नोट तिकडं कोणी घेत नाही. माझ्याकडं वीस डॉलरची एक नोट कोपऱ्याला गव्हाच्या दाण्याएवढी फाटली होती, तीन ठिकाणी परत आली आणि शेवटी तशीच घरी आणली. एक आणि पाच डॉलरच्या नोटा जास्त मागा, टुकटुकवाल्याजवळ पन्नासचे सुट्टे नसतात.

काय न्यायचं

सामान कमी न्या. पण कपड्यांचं नीट ऐका. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, बाई असो की माणूस. हाफ पँट, बिनबाह्यांचं काही चालत नाही आणि देवळाच्या वरच्या मजल्यावर तर अडवूनच ठेवतात. आपल्या बायांना साडीत किंवा सलवार-कुर्त्यात काही अडचण नाही, फक्त साडी असेल तर पायऱ्या उंच आहेत हे ध्यानात ठेवा. पायात वापरलेले, मऊ झालेले बूट किंवा पट्ट्याची चप्पल, नवे बूट घेऊन जाऊ नका.

दुपट्टा मात्र न्याच. बाबांनी खांद्यावरचा चौकडीचा दुपट्टा नेहमीप्रमाणे नेला आणि तिकडं पाहतो तर प्रत्येक शेतकऱ्याच्या गळ्यात तसाच. ते लोक त्याला क्रमा म्हणतात, घाम पुसायला, डोक्याला बांधायला, लेकराला झोळी करायला, सगळ्याला तेच. आमचा टुकटुकवाला बाबांचा दुपट्टा बोटांनी चाचपून पाहत होता आणि बाबा त्याचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्याची गरजही पडली नाही.

बाकी टॉर्च, ओआरएसची पाकिटं, रोजच्या गोळ्या, मच्छरचं मलम (डेंगी आहे तिकडं), टोपी आणि थोडा मुर्रा (मुरमुरे), फुटाणे, चिवडा. शाकाहारी असाल तर हे फार महत्त्वाचं, कारण तिकडं साध्या भाजीतही मासळीचा रस टाकतात आणि त्यांना ते मांसाहार वाटतच नाही. हॉटेलच्या पोरीकडून ख्मेर भाषेत एका चिठ्ठीवर लिहून घ्या, मांस नको, मासळी नको, मासळीचा रस नको, अंडं नको. ती चिठ्ठी दाखवली की काम होते. सिएम रीपमध्ये भारतीय जेवणाची हॉटेलंही आहेत. आणि तिकडं सकाळ-दुपार-संध्याकाळ भात, त्यामुळं झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या माणसाची उपासमार होत नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी

पास आदल्या संध्याकाळीच काढून ठेवा. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. हे दर २०१७ पासूनचे, जायच्या आधी एकदा बघून घ्या. पास देवळाजवळ मिळत नाही, त्याचं तिकीटघर शहराबाहेर वेगळ्या रस्त्यावर आहे, तिथं तुमचा फोटो काढून पासवर छापून देतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास दुसऱ्या दिवसाचा पास द्यायला लागतात आणि त्याच पासवर ती संध्याकाळही फुकटात पाहता येते. पहाटे तिथं रांगेत उभं राहिलात तर सूर्योदय हुकला म्हणून समजा. बारा वर्षांखालच्या लेकरांना पास लागत नाही पण वय दाखवायला पासपोर्ट लागते. पास जीवापाड जपा, प्रत्येक देवळाच्या दारावर तपासतात आणि हरवला तर नवाच घ्यावा लागते. आम्ही दोघांचेही पास एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवले होते.

टुकटुक पण त्याच संध्याकाळी ठरवा. दिवसभराचे पंधरा ते पंचवीस डॉलर घेतात, पहाटेपासून हवा असेल तर थोडे जास्त. सांगताना देवळांची नावं आणि परत यायची वेळ दोन्ही सांगा, पैसे संध्याकाळी द्यायचे हेही आधीच बोलून घ्या. म्हातारं माणूस सोबत असेल तर टुकटुकच बरा, एसी गाडीतून उतरल्यावर ऊन जास्त लागते.

हॉटेलवाल्याला एक गोष्ट नक्की विचारा, उद्या बौद्धांचा पवित्र दिवस तर नाही. महिन्यात असे चार दिवस असतात, तेव्हा अंगकोर वाटचा सगळ्यात वरचा मजला बंद असते.

पहाट

तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढं आहे, म्हणून पहिल्या रात्री लवकर झोप येणार नाही, तरी साडेचारला उठा. अंगकोर वाट पाच वाजता उघडते, बाकीची बहुतेक देवळं साडेसातला. जानेवारीत सूर्य साडेसहाच्या जवळपास निघते. अंधारात खंदकावरून चालत जावं लागते, हा खंदक जवळपास १९० मीटर रुंद आहे, पहिल्यांदा वाटते आपण तलावाच्याच पाळीवरून चाललोय. इथं टॉर्च लागते, दगड वरखाली आहेत.

आत गेल्यावर दोन छोटी तळी लागतात. डाव्या हाताच्या तळ्यावर सगळी गर्दी जमते, कारण तिथं पाण्यात शिखरं दिसतात. पाहायचं असेल तर पाहा, सुंदरच आहे, पण पुढं जागा मिळवायला धक्काबुक्की करू नका. आम्ही उजव्या बाजूला थोडं मागं, गवतात बसलो. तांबडं फुटलं आणि पाच शिखरं काळी काळी वर आली. बाबांनी हात जोडले. फोटो माझ्या मोबाईलमध्ये एकच आहे, तोही हललेला.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. सूर्य वर आला की बहुतेक लोक नाश्त्याला शहरात परत जातात. तुम्ही जाऊ नका. जवळचा चिवडा खा, पाणी प्या आणि तडक भिंतीकडं चला. पुढचे दोन तास ते देऊळ जवळजवळ तुमच्या एकट्याचं असते.

भिंत

देवळाच्या पहिल्या मजल्याला चारही बाजूंनी लांबलचक ओसरी आहे आणि तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो मीटर कोरीवकाम. मोठे ठसठशीत पुतळे नाहीत, बोटभर उठावाचं नाजूक काम आहे, जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आपलं देऊळ बहुतेक पूर्वेला तोंड करून असते, हे पश्चिमेला आहे. समोरून आत शिरलं की उजव्या हाताला वळा. म्हणजे देव तुमच्या डाव्या हाताला राहील, आपल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. बाबा इथं अडलेच, असं उलटं फिरायचं नसते म्हणाले. पण कोरीवकामाचा क्रमच तसा आहे. काही अभ्यासक म्हणतात की पश्चिमेकडचं तोंड आणि ही उलटी फेरी म्हणजे देऊळ राजाच्या मरणोत्तर विधीशी जोडलेलं असावं, अंत्यविधीत फेरी उलटीच असते ना. हे सांगितल्यावर बाबा दोन मिनिटं गप्प राहिले आणि मग चालू लागले.

पहिली भिंत कुरुक्षेत्राची. डावीकडून कौरव येतात, उजवीकडून पांडव आणि मधात नुसती रेटारेटी, हत्ती, रथ, माणसावर माणूस. मी मोबाईलमध्ये माहिती शोधत होतो तर बाबा आधीच एका जागी थांबलेले.

"हा भीष्म होय."

"कशावरून बाबा?"

"बाणावर निजला नाही का रे."

खरंच, बाणांच्या शय्येवर भीष्म. पुढं चार हातांचा कृष्ण अर्जुनाचा रथ हाकताना सापडला, तोही त्यांनीच शोधला. तेव्हापासून मी मोबाईल खिशात टाकला. तुमच्या घरी कोणी पोथी वाचणारं, कीर्तन ऐकणारं म्हातारं माणूस असेल तर त्यालाच सोबत न्या, त्याच्याएवढा गाईड तिथं पैसे देऊन मिळत नाही.

कोपऱ्यावरच्या चौकात रामायणातले प्रसंग आणि गोवर्धन उचललेला कृष्ण आहे, तिथं अंधार असते, सावकाश पाहा. वळल्यावर दक्षिणेची भिंत. तिच्यावर आधी खुद्द राजा सूर्यवर्मन आणि त्याच्या फौजेची मिरवणूक, सरदार हत्तीवर, डोक्यावर छत्र्या आणि बाजूला बारीक अक्षरात कोरलेली नावं. ती लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपासून निघालेली आहे. त्याच्या पुढं यमाचा दरबार. रेड्यावर बसलेला यम, त्याला कितीतरी हात, खाली चित्रगुप्त हिशोब सांगतोय आणि मग वर ३७ स्वर्ग आणि खाली ३२ नरक. माणसांना केस धरून ओढताना, खिळे ठोकताना दाखवलंय. लहान लेकरं सोबत असतील तर आधी सांगून ठेवा.

मग पूर्वेकडं वळायचं आणि इथं बसायचंच. समुद्रमंथन. जवळपास ४९ मीटरची एकच भिंत, डावीकडं ९२ असुर, उजवीकडं ८८ देव, सगळ्यांच्या हातात वासुकी. मधात विष्णू, खाली कासव, वर उडणाऱ्या अप्सरा. असुरांचे डोळे मोठे, नाकं रुंद, डोक्यावर टोप, देवांचे चेहरे शांत आणि पाय मात्र सगळ्यांचे एकसारखे रोवलेले, जसे रस्सीखेचीत पोट्टे टाच रोवतात तसे. शेपटाकडच्या टोकाला एक वानर आहे, हनुमान म्हणतात त्याला. आपल्या पोथीत मंथनात हनुमान नाही. बाबांना ते खटकलं आणि आवडलंही. तिथला एक झाडू मारणारा माणूस बाबांकडं पाहत होता, बाबांनी बोट दाखवून त्याला म्हटलं वासुकी, तर तो मान हलवून म्हणाला वासुकी. एवढंच बोलणं झालं दोघांचं.

भिंतीला हात लावू नका. काही भाग आरशासारखा काळा चकचकीत झालाय, तो इतक्या वर्षांच्या हातांनी झालाय. आपल्याकडं मूर्तीला हात लावून पाया पडायची सवय असते, इथं लांबूनच नमस्कार. दगडांच्या जोडाकडं पण बघा, एकावर एक घासून असे बसवलेत की फट सापडत नाही. दगड चाळीसेक किलोमीटरवरच्या कुलेन डोंगरातून आणलेले. गडचिरोलीकडच्या मार्कंड्याच्या देवळाचं कोरीवकाम पाहून मोठं झालेल्या माणसाला दगड कसा वाचायचा ते सांगायला लागत नाही, इथं फक्त पसारा मोठा आहे.

उत्तरेच्या भिंतीवरचं थोडं काम नंतरचं, सोळाव्या शतकातलं आहे आणि हात तेवढा सफाईचा नाही, ते चालता चालता पाहिलं तरी चालते. पण शेवटची लंकेची लढाई सोडू नका, वानर राक्षसांना चावतात, ओरबाडतात, एकमेकांच्या अंगावर चढतात. ही सगळी फेरी करायला आम्हाला अडीच तास लागले आणि तेही कमीच पडले.

वरच्या मजल्याला बाकान म्हणतात, मधलं शिखर जमिनीपासून ६५ मीटर उंच. जुन्या दगडी पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, आता वरून लाकडी जिना केलाय, तरीही तो उभाच वाटते. एका वेळी ठराविकच माणसं सोडतात, बारा वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, टोपी काढावी लागते. गुडघे दुखत असतील तर चढूच नका, उतरणं जास्त अवघड आहे. बाबा खाली सावलीत बसले, मी एकटा जाऊन आलो. वरून चारही बाजूंना जंगलच जंगल दिसते.

भिक्खू भेटले तर बायांनी त्यांना स्पर्श करू नये, फोटो आधी विचारून. कोणी हातात उदबत्ती देऊन मग पैसे मागेल, नको असेल तर हात जोडून पुढं चला. पोस्टकार्ड, बांगड्या विकणारी लहान लेकरं मागं लागतात, मन दुखते पण त्यांच्याकडून घेऊ नका, घेतलं की ती शाळेत जात नाहीत. तिथल्या सरकारी सूचनेतही हेच लिहिलंय. माकडांपासून चिवडा लपवा.

दुपार

अकरा ते दोन काहीच पाहू नका. ऊन आपल्यासारखंच, पण दमट, घाम वाळत नाही. जेवा, शहाळं प्या, टुकटुकवाल्याजवळ झुला असते तो बांधून मागा आणि आडवे व्हा. लोकांना वाटते एवढे पैसे खर्च करून आलो आणि झोपायचं का, पण जे झोपत नाहीत ते तीन वाजता चिडचिड करतात.

बायोन आणि ता प्रोम

दोननंतर अंगकोर थोम. हे तटबंदीचं शहर आहे, एकेक बाजू तीन किलोमीटरची, भिंत आठ मीटर उंच, राजा सातवा जयवर्मन यानं बाराव्या शतकाच्या शेवटी बांधलं. दक्षिण दरवाज्यावर टुकटुक थांबवायला सांगा आणि पूल पायी ओलांडा. एका बाजूला ५४ देव, दुसऱ्या बाजूला ५४ असुर, पुन्हा नाग धरून बसलेले. सकाळची भिंत डोळ्यांसमोर असते म्हणून हे लगेच ओळखू येते, आणि सकाळी ती घाईत पाहिली असती तर इथं काही कळलं नसतं.

मधात बायोन. वर दगडाचे मोठमोठे हसरे चेहरे, दोनशेच्या वर आहेत, सगळे लोक तिकडंच पळतात. मी म्हणतो आधी खालच्या बाहेरच्या भिंती पाहा, दक्षिणेकडच्या खास. तिथं देव नाहीत, माणसं आहेत. बाजारात बसलेल्या बाया, भात रांधणारे, मासळी पकडणारे, शेजारच्या चाम लोकांशी चाललेली होड्यांवरची लढाई आणि कोंबड्यांची झुंज, दोन्हीकडं माणसं वाकून पाहतायत, अगदी आपल्या मंडईतल्या, म्हणजे जत्रेतल्यासारखी. पूर्वेच्या भिंतीवर फौजेबरोबर बैलगाड्या चालल्यात. बाबांनी चाक मोजलं, जू पाहिलं, बैलांची मान पाहिली, म्हणाले खासरच आहे ही, फक्त साटी वेगळी. आठशे वर्षांपूर्वीची गाडी, तिथून हलायलाच तयार नव्हते.

ता प्रोम शेवटी ठेवा, तिथं झाडांची सावली असते. सातव्या जयवर्मननंच ११८६ मध्ये आईच्या नावानं बांधलेला विहार. भिंतींवरून झाडांची मुळं अजगरासारखी उतरलीत, मुळं काढली तर भिंत पडेल आणि ठेवली तर दगड सरकतील, म्हणून दोन्ही सांभाळून दुरुस्ती करावी लागते. ती दुरुस्ती आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्यानं तिथल्या लोकांबरोबर केलीय, याआधी १९८६ ते १९९३ अंगकोर वाटवरही आपल्या लोकांनी काम केलं. तिथला बोर्ड वाचून आपलं कोणीतरी इथं आलं होतं हे कळते आणि बरं वाटते. लाकडी वाटेवरून खाली उतरू नका, आणि शहरापासून लांबच्या देवळांना जाल तर मळलेली वाट तर अजिबात सोडू नका, लढाईतले सुरुंग त्या देशात दूरच्या भागात अजून निघतात.

तलाव

बहुतेक लोक सूर्यास्ताला फ्नोम बाखेंग टेकडीवर जातात, तिथं वर मोजकीच माणसं सोडतात आणि त्यासाठी तास दोन तास रांग लागते. तिकडं जाऊ नका. ता प्रोमच्या जवळच स्रा स्रांग आहे, जुना राजाचा तलाव, सुमारे ७०० मीटर लांब आणि ३५० मीटर रुंद. दगडी पायऱ्या, नागाचे कठडे, समोर पाणी. साडेपाचपर्यंत तिथं बसता येते.

हा भाग मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडच्या माणसानं तो पाहिलाच पाहिजे. अंगकोर नुसत्या देवळांवर उभं नव्हतं, पाण्यावर उभं होतं. त्यांच्या मोठ्या तलावांना बाराय म्हणतात, पश्चिमेचा बाराय आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून रुंद आहे आणि तो खोदलेला नाही, चारी बाजूंनी पाळ घालून पाणी अडवलंय. आपल्या भंडारा, गोंदियातल्या मालगुजारी तलावांची, कोहळी लोकांनी बांधलेल्या नवेगाव बांधची पाळ पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजते. खाली बांध्या (धानाची वावरं), वर तलाव, पावसाळ्यात भरायचा आणि धानाला द्यायचा. आजूबाजूला आजही धानच आहे. गाईड लोक राजे सांगतात, देव सांगतात, पाळ कोणी सांगत नाही, ती स्वतःच जाऊन पाहावी लागते.

परत निघताना टुकटुक अंधाराच्या आत शहरात पोहोचेल असं बघा, पास फेकू नका, तीन दिवसांचा असेल तर तो दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस चालते. दुसऱ्या दिवशी ताकद असेल तर बांतेय स्रेई करा, पंचवीसेक किलोमीटरवर, दहाव्या शतकातलं शंकराचं देऊळ, लालसर दगडावर सोनारासारखं काम. पण ते वेगळ्या दिवशीच.

स्रा स्रांगवरून निघालो तेव्हा रस्त्याच्या कडेला धान कापलेल्या बांध्या होत्या, तनिस (धानाचा पेंढा) तशीच पडलेली. बाबांनी टुकटुक थांबवायला लावला, धुऱ्यावर उतरून एक राहिलेली लोंब उचलली, हातावर चोळली, फुंकर मारली आणि दाणे ड्रायव्हरसमोर धरून विचारलं, "हलका का भारी?" त्यानं एक दाणा उचलून दातानं फोडला आणि बोटं उघडून पाच महिने दाखवले. "भारी होय," बाबा म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.